ओफुरेच्या प्रार्थनेला आलेलं उत्तर

आमच्या चर्चमध्ये प्रार्थना करताना शेजाऱ्याचा दात पडल्याचं एकच उदाहरण आहे, आणि तो दात मुळातच किडका होता, असं वडीलजनांच्या समितीने नंतर ठरवलं. ज्याचा पडला त्याने पुढच्या रविवारी साक्षही दिली. दात वर्षभर ठणकत होता, म्हणाला, डॉक्टरकडे जायचं होत नव्हतं, शेवटी प्रभूने सिस्टर पेशन्सच्या कोपराचा वापर केला.

परगावची माणसं हे बघून मारामारी समजतात. आमच्या उगबेन गावात ही शुक्रवारची प्रार्थना. भर दुपारी जळत्या झुडपाच्या विजयी मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पंखे सुरू होतात, खुर्च्या भिंतीला सरकवतात, बायका डोक्याची फडकी आवळून बांधतात, पुरुष चष्मे काढून खिशात घालतात. पास्टर गॉडस्पावर माइकवर फुंकर मारतात आणि विचारतात, "तुमचा शत्रू अजून जिवंत आहे का?" मंडळी म्हणते, "आहे!" पास्टर म्हणतात, "का आहे?" याला कुणाकडेच उत्तर नसतं. मग सगळे मिळून ती चूक दुरुस्त करायला लागतात. हवेत गुद्दे हाणतात, जमिनीवर टाचा आपटतात, न दिसणारा गळा दोन्ही हातांनी पिळतात, आणि घसा बसेपर्यंत ओरडतात, "आगीने मर! मर! मर!" शत्रूचं नाव मात्र घ्यायचं नाही असा दंडक आहे. कारण पुष्कळदा तो दोन रांगा मागे उभा राहून तुमचाच गळा पिळत असतो.

'शत्रूंवर प्रीती करा' हे वचन आमच्याही बायबलमध्ये आहे. ते आम्ही रविवारी वाचतो.

ओफुरे या मंडळीतली जुनी बाई, रविवारी गायकवृंदात गायची. वय पन्नाशीच्या पुढे, बाजारचौकात सकाळी अकारा, म्हणजे चवळीचे वडे, तळायची. नवरा आयगबे लाकडाच्या ट्रकखाली गेला तेव्हा त्याच्या मागे दोन खोल्यांचं पत्र्याचं घर राहिलं, घरामागे कसाव्याचं शेत राहिलं, आणि ओफुरे राहिली. यातल्या पहिल्या दोन गोष्टी न्यायला मातीच्या तिसऱ्या दिवशी धाकटा दीर ओहिमाई आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. भावाचं घर भावाचं. बायको म्हणजे पाहुणी, फक्त जरा जास्त दिवस राहिलेली. त्याच्या माणसांनी भांडी अंगणात फेकली. ओफुरेने चौकट धरून ठेवली तेव्हा ओहिमाईने रताळी कुटायचं मुसळ उचललं आणि तिच्या मनगटावर घातलं. चौकट सुटली. हाड बसवणाऱ्याने ते बसवलं, पण त्याच्या मनाला येईल तसं. तेव्हापासून तिचा उजवा हात वाकडा, आणि तिचे अकारा गोल पडायच्या ऐवजी लांबट पडतात. गिऱ्हाईक म्हणतं, हेच बरे, बोटांत धरता येतात.

ती गावच्या प्रमुखाकडे गेली. प्रमुखाने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. त्यातली एक बाजू बकरा घेऊन आली होती.

मग ओफुरे देवाकडे गेली. दर शुक्रवारी एकच मागणं: ओहिमाई मरावा आणि घर परत मिळावं. या क्रमाने. विश्वास तिचा दांडगा होता, जुन्या गिऱ्हाइकाचा दुकानदारावर असतो तसा. माल निघालाय, वाटेत आहे, आज नाही तर पुढच्या शुक्रवारी. अशी चार वर्षं गेली. या काळात मंडळीतल्या बऱ्याच जणांचे शत्रू मेले, कुणी साखरेच्या आजाराने, कुणी म्हातारपणाने, आणि प्रत्येकाची साक्ष टाळ्यांच्या कडकडाटात झाली. ओहिमाईला मात्र साधा खोकलासुद्धा आला नाही. त्याने घराला निळा रंग दिला.

"तुझी प्रार्थना थंड आहे," सिस्टर पेशन्स तिला म्हणायची. पेशन्स संत्री विकायची, ओफुरेच्या शेजारीच बसायची. "तू 'मर' असं म्हणतेस जसं पाहुण्याला 'बसा' म्हणतात."

"मनापासून म्हणते ग."

"मनापासून नाही, पोटातून म्हणायचं असतं. माझी सासू कशी गेली? मी तीन दिवस उपाशी राहून म्हटलं होतं."

"ती ब्याण्णव वर्षांची होती."

"हो, पण गेली ना?"

शेवटी पेशन्सनेच तिला पास्टरांच्या खोलीत नेलं. पास्टर गॉडस्पावर फॅन्टा पीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिसतो कसा?"

ओफुरे गोंधळली. "देवाला माहीत नाही?"

"देवाला सगळं माहीत आहे, ममा. पण आत्मा बोलतो माझ्या तोंडून, आणि मला माहीत नाही."

हे तिला पटलं. तिने सांगितलं. ताडाच्या झाडावरून पडल्यापासून उजव्या पायाने लंगडतो. प्रमुखाचे दरबारी घालतात तशी लाल टोपी घालतो, स्वतः दरबारी नसताना. आणि शुक्रवारी दुपारी चर्चसमोरच्या गुत्त्यावर ताडी प्यायला येतो, कारण त्याच वेळी आपण आत त्याच्या मरणाची प्रार्थना करतो हे त्याला ठाऊक आहे आणि ते बाहेरून ऐकायला त्याला मजा वाटते.

"ऐकू जातं त्याला?" पास्टरांनी विचारलं. ते जरा खूश झालेले दिसले.

न जायला काय झालं. आमच्या चर्चला चार भोंगे आहेत आणि चारही बाहेरच्या बाजूला तोंड करून लावलेले, कारण आतल्यांचं तारण झालेलंच आहे. भोंग्यांच्या बरोबर खाली रस्त्यापलीकडे ओकाडावाल्यांचा अड्डा. ही पोरं मोटरसायकलवर सवारी नेतात. दिवसभर तिथे टेकून असतात, आणि देवाचं वचन ऐकायची इच्छा असो वा नसो, ते त्यांच्या कानावर पडतंच.

त्या आठवड्यात ओकाडावाले तापलेले होते. त्यांच्यातल्या एफोसा नावाच्या पोराला सवारीने सॉ मिलच्या रस्त्यावर मागून कोयता घातला होता आणि मोटरसायकल नेली होती. एफोसा हॉस्पिटलमध्ये होता, त्याचा कान वेगळ्या बशीत. ओकाडावाल्यांचा चेअरमन मंडे पोलीस चौकीत गेला. पोलीस म्हणाले, शोधायला जाऊ, पण जीपमध्ये पेट्रोल नाही. मंडेने पोरांकडून वर्गणी काढली, पेट्रोलचा डबा भरून आणला आणि अड्ड्यावर ठेवला. तो न्यायला पोलिसांना तीन दिवस सवड झाली नाही.

तर असा तो शुक्रवार होता. मंडळी रंगात आली होती. पास्टरांनी एकदम डोळे मिटले, हात वर केला, आणि आम्ही गप्प झालो.

"आत्मा मला एक माणूस दाखवतोय," पास्टर म्हणाले. "चोर आहे! दुसऱ्याचं रक्त सांडून दुसऱ्याचं घेतलं त्याने! उजव्या पायाने लंगडतो! डोक्यावर लाल टोपी आहे! आत्ता, या क्षणाला, तो या रस्त्यावर आहे! चोरा, आज तुझा दिवस भरला! स्वर्गाच्या सैनिकांनो, धरा त्याला! आगीने—"

"मर!" मंडळी म्हणाली.

त्या दिवशी ओफुरेची प्रार्थना थंड नव्हती. हे पेशन्सही कबूल करते. तिच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, वाकड्या हाताची बोटं कुणाच्या तरी नरड्यात रुतल्यासारखी आखडली होती, आणि टाच अशी आपटत होती की तिच्या समोरची बाई सरकून उभी राहिली.

स्वर्गाच्या सैनिकांना यायला थोडा वेळ लागतो. मंडे आणि त्याची पोरं रस्त्यापलीकडेच होती.

बाहेरून पहिली किंकाळी आली तेव्हा आम्हाला वाटलं कुणावर आत्मा उतरला. ती आमच्या ठेक्यात बरोबर बसली. दुसरी बसली नाही. दारातली माणसं बाहेर वळली, मग खिडकीतली. आत मात्र पास्टर आणि उरलेली मंडळी डोळे मिटून चालूच होती. ओफुरेने डोळे उघडले. पेशन्सने तिचा दंड धरला आणि दाराकडे ओढलं.

रस्त्यावर ओहिमाई पडला होता. लाल टोपी गटारात. ताडीचा भोपळा फुटून त्याची ताडी मातीत मुरत होती. वीसेक पोरं त्याच्याभोवती होती, हातात काठ्या, चेन, एकाच्या हातात मोटरसायकलचं हँडल. एक जण त्याच्या लंगड्या पायावर उड्या मारत होता. दुसऱ्याने गळा धरला होता. बाकीचे मारत होते आणि ज्यांना आत शिरायला जागा मिळाली नव्हती ते फोनवर चित्रण करत होते. ओहिमाईचा एक डोळा आता डोळ्यासारखा दिसत नव्हता. तो सांगायचा प्रयत्न करत होता की मी मोटरसायकल चालवूच शकत नाही, माझा पाय बघा. पण तोंडात दात सुटे झाले होते, त्यामुळे ते नीट कळत नव्हतं. आणि पाय त्यांनी बघितलाच होता. त्या पायावरूनच तर ओळखला होता.

"हालेलूया!" पेशन्स ओफुरेच्या कानात म्हणाली. "ओफुरे! तुझी साक्ष! बघ! बघ, देव काय करतोय!"

ओफुरे बघत होती. तिला बरं वाटलं. हे तिने कधी लपवलं नाही. उन्हातून येऊन गार पाणी प्यावं तसं बरं वाटलं, असं तिने नंतर सांगितलं, आणि सांगताना नजर खाली घातली नाही.

मग ओहिमाईला त्या पायांच्या गर्दीतून ती दिसली.

"वहिनी!" तो ओरडला. चार वर्षांत त्याने तिला वहिनी म्हटलं नव्हतं. "वहिनी, सांग यांना! सांग ना ग!"

काठ्या पडत होत्या. वरून भोंगा चालू होता. आणि ओफुरेच्या लक्षात आलं की काठ्या भोंग्याच्या ठेक्यावर पडताहेत. मर म्हटलं की काठी. मर म्हटलं की काठी. पोरांना ते कळतही नव्हतं, लाकडं फोडणाऱ्याला गाणं लागतं तसं ते त्यांना लागत होतं. जो गळा पिळत होता त्याची बोटं तशीच आखडली होती. जो टाच आपटत होता तो तशीच आपटत होता. फरक एवढाच की इथे खाली माणूस होता.

ती वळली आणि आत पळाली. सरळ व्यासपीठावर चढली आणि पास्टरांच्या बाहीला हात घातला.

"भोंगा बंद करा. सांगा त्यांना, तो मोटरसायकलचा चोर नाही. तो माझा दीर आहे. माझं घर चोरलंय त्याने, मोटरसायकल नाही."

पास्टरांनी माइकवर हात ठेवला. खिडकीतून त्यांनी एकदा पाहिलं आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. पण ते अनुभवी होते.

"ममा, आत्म्याने दिलेला शब्द मी परत कसा घेऊ?"

"तुम्हाला तो शब्द मी दिला होता! त्या खोलीत! तुम्ही फॅन्टा पीत होतात!"

"हळू बोल." त्यांनी मंडळीकडे पाहिलं. "आज म्हटलं की चुकलं, तर रविवारी कोण ऐकेल? आणि बाहेर गेलो तर ते मला सोडतील? चार वर्षं तू काय मागत होतीस?"

"हेच."

"मग? देव देतोय आणि तू नको म्हणतेस? देवाला तोंडघशी पाडतेस?"

ओफुरे हुशार बाई नाही, असं तीच म्हणते. "पास्टर," ती म्हणाली, "हे जर देवाने पाठवलं असेल, तर मला त्याच्याशी भांडावं लागेल. आणि आपण पाठवलं असेल तर आपल्याशी. तुम्ही येता का?"

पास्टर म्हणाले, ते आतून प्रार्थना करतील.

ती बाहेर गेली. ती गर्दीत कशी शिरली ते आम्हाला दारातून नीट दिसलं नाही. ती वाकली, पोरांच्या पायांमधून घुसली आणि ओहिमाईवर पालथी पडली. पहिली काठी पडली ती कुणी थांबवली नाही, कारण हवेतून सुटलेली काठी थांबत नाही. दुसरी मात्र मुद्दाम होती. तिच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज आला. सुकं लाकूड मोडावं तसा.

"ममा ओफुरे आहे!" कुणीतरी म्हणालं. "अरे, अकाराची ममा!"

"ओढा तिला बाजूला!" मागून दुसरा ओरडला. "चोराची सोबतीण आहे!"

त्यांनी तिला पायाने धरून ओढलं. तिने ओहिमाईचा पट्टा धरला होता, तेव्हा दोघंही ओढले गेले. त्यात कुणीतरी टायर आणला. आमच्या गावात टायर शोधावा लागत नाही. तो ओहिमाईच्या मानेत घालताना तिच्या हाताची आडकाठी होत होती, म्हणून एकाने तिच्या वाकड्या मनगटावर पाय दिला. मग मंडे स्वतः पेट्रोलचा डबा घेऊन आला. पोलिसांच्या जीपसाठीचा. त्याने तो ओतला. पेट्रोल दोघांवरही पडलं, कारण दोघं एकाच ठिकाणी होते.

मंडे काही राक्षस नव्हता. रोज सकाळी तो ओफुरेकडे अकारा घ्यायचा, मिरची जास्त. आता त्याच्या हातात काड्यापेटी होती.

"ममा, उठ," तो म्हणाला. "देवाशप्पथ उठ. तुझ्यासाठी नाहीये हे."

"हा चोर नाही, मंडे."

"तुमच्या पास्टरने सांगितलं! लंगडा, लाल टोपी, या रस्त्यावर! आम्ही काय बहिरे आहोत?"

"पास्टरला मी सांगितलं होतं."

"मग तूच सांगितलंस ना? आता काय?"

"आता मी सांगते की नाही."

"एफोसाचा कान बघितलास तू? बघितलास? उठ ममा, नाहीतर…" मागची पोरं ओरडायला लागली, पेटव, पेटव. आतून भोंगा अजून चालूच होता.

ओफुरे उठली. पोरांनी हुश्श केलं. पण ती बाजूला झाली नाही. मोडलेला खांदा लोंबत होता, तर तिने डाव्या हाताने कमरेच्या कापडाची गाठ धरली.

आमच्याकडे पेट्रोल, पोलीस आणि पास्टर या तिन्हींपेक्षा जुनी एक गोष्ट आहे. आईच्या वयाच्या बाईने भर रस्त्यात रागाने आपलं कमरेचं कापड सोडलं, तर जो बघेल त्याचा वंश बुडतो. धंदा बुडतो, बायको नांदत नाही, मूल जगत नाही. हे अज्ञान आहे, असं पास्टर गॉडस्पावर दर वर्षी ओळीने सात रविवार सांगतात. आम्ही ते लिहून घेतो.

तिने गाठ सोडली. पेट्रोलने भिजलेलं कापड पायाशी गळून पडलं.

"बघा!" ती ओरडली. असा आवाज आम्ही तिच्या प्रार्थनेत कधी ऐकला नव्हता. "ज्याला आई आहे त्याने बघा! मंडे, मान वर कर! तू अशाच कुठून तरी आलास ना? बघ आणि पेटव! दोघांना पेटव!"

गर्दी फुटली. काठ्या तिथेच टाकून पोरं तोंडावर हात दाबून पळाली, एकमेकांवर आपटली, दोन मोटरसायकली आडव्या झाल्या. फोन खाली गेले. दारात उभे असलेले आम्ही सगळे मंडळीचे पुरुष एकदम भिंतीकडे तोंड करून वळलो. पास्टर तेवढ्यात खिडकीशी आले होते, तेही वळले. भोंगा बंद पडला तो असा.

मंडे एकटा उरला. डोळे घट्ट मिटून, हात पसरून तो चाचपडत मागे सरकत होता. "ममा, झाक! माझे आई, झाक! माझं लग्न ठरलंय!"

"काड्यापेटी टाक."

"टाकली! टाकली बघ!"

"मी काय बघू? तू बघ."

"नको!" तो रडायलाच लागला.

शेवटी पेशन्स धावली. तिने स्वतःच्या डोक्याचं फडकं सोडलं आणि ओफुरेच्या कमरेला गुंडाळलं. फडकं लहान होतं, पेशन्स तिच्याभोवती स्वतःच गुंडाळून उभी राहिली. ओफुरे तिला म्हणाली, "याची मान सोडव टायरमधून," आणि मग तिची शुद्ध गेली.

पोलीस आले. पेट्रोल कुठे आहे, म्हणाले. ते रस्त्यावर होतं.

ओहिमाई जगला. एक डोळा गेला, जबडा तारेने बांधला. खरा चोर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी मोटरसायकलीसकट सापडला. धट्टाकट्टा होता, दोन्ही पाय शाबूत, बोडका. लाल टोपीचं काय, असं कुणीतरी विचारलं तेव्हा पास्टर म्हणाले, टोपी आत्मिक होती. त्या रविवारी त्यांनी प्रवचन केलं की त्यांच्या प्रार्थनेमुळे एक माणूस आगीतून वाचला, आणि टाळ्याही झाल्या. ओफुरेला समितीने बोलावून गायकवृंदातून काढलं. भर रस्त्यात मूर्तिपूजकांचं कृत्य केलं म्हणून. तिला विचारलं, काही म्हणायचंय का? ती म्हणाली, कापड धुतलं तरी पेट्रोलचा वास जात नाही, कुणाला काही उपाय माहीत आहे का?

हॉस्पिटलात तिची खाट बायकांच्या वॉर्डात होती, ओहिमाईची पलीकडे. त्याची बायको ओकाडावाल्यांच्या धाकाने येत नव्हती. म्हणून हात गळ्यात अडकवलेली ओफुरेच रोज मक्याची पेज घेऊन त्याच्याकडे जायची.

"तू का पडलीस मध्ये?" एक दिवस त्याने तारांमधून विचारलं.

"मीच पाठवलं होतं त्यांना." तिने सगळं सांगितलं. पास्टरांची खोली, टोपी, पाय.

त्याने तिच्याकडे मान वळवली. एका डोळ्याने बघायची त्याला अजून सवय झाली नव्हती.

"म्हणजे आता उपकार दाखवून घर मागणार."

"घर माझंच आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही."

"देणार नाही."

"माहीत आहे. तोंड उघड."

"मी तुझा हात मोडला होता, वहिनी."

"मला वाटलं विसरलास. उघड तोंड, पेज गार होते."

त्याने तोंड उघडलं, तारा देतील तेवढं. घरी गेल्यावर त्याने दाराला नवं कुलूप लावलं.

पेशन्स याने फार चिडली. ती ओफुरेच्या भाड्याच्या खोलीवर आली आणि संत्र्याची टोपली आपटून बसली.

"एवढं करून मिळालं काय तुला? शत्रू जिवंत. घर नाही. गाणं नाही. एकच हात, तो दोन्ही टोकांनी गेला. कुठली साक्ष देणार तू?"

"नाही देणार."

"आणि प्रार्थना? ती तरी करतेस का?"

ओफुरे एका हाताने चवळीची सालं काढत होती. "काल बसले होते करायला. मागायचं खूप आठवलं. पण मागायची भीती वाटली, देईल म्हणून. मग नुसतीच बसले."

"देव काय म्हणाला?"

"काही नाही. तोही बसला होता असं वाटलं."

"नुसतं बसणं? त्याला काय प्रार्थना म्हणतात?"

"आयगबे होता तेव्हा आम्ही संध्याकाळी असंच बसायचो. तो कुणाचा तरी रेडिओ दुरुस्तीला उघडून बसायचा, मी सालं काढायची. मी काय रोज त्याच्याकडे काहीतरी मागत होते? मागायचे कधीकधी. नाही असं नाही. पण त्यासाठी बसत नव्हते."

पेशन्सने एक संत्रं सोललं आणि तिला अर्धं दिलं. पेशन्स अर्धं संत्रं देते ही गोष्ट बाजारात अजून कुणी खरी मानत नाही.

खांदा बरा झाल्यावर ओफुरे शुक्रवारी परत आली. ती दुसऱ्या चर्चला जाईल असं आम्हाला वाटलं होतं. बऱ्याच जणांची तशी इच्छाही होती. तिच्या शेजारी एक नवी मुलगी उभी होती, पहिल्यांदाच आलेली, डोक्याचं फडकं आवळून सज्ज. तिचा नवरा दुसऱ्या बाईकडे गेला होता आणि ती त्या बाईसाठी आली होती.

"ममा, तुम्ही जुन्या ना इथल्या?" मुलीने विचारलं. "तुमचा कोण होता?"

"दीर."

"मेला?"

"नाही. बरा आहे. काल माझ्या कसाव्याच्या शेतात भिंत घालायला घेतलीय त्याने."

मुलीचा चेहरा पडला. "म्हणजे उत्तरच आलं नाही तुम्हाला?"

"आलं होतं," ओफुरे म्हणाली. "परत पाठवलं."

मुलगी पुढे काही विचारणार होती, पण तेवढ्यात पास्टरांनी माइकवर फुंकर मारली, आणि तिने मुठी आवळल्या. ओफुरे भिंतीपाशी गेली. चांगल्या हाताने एक खुर्ची ओढून रांगेत आणली, मुलीच्या शेजारी ठेवली, आणि बसली. आजूबाजूला गुद्दे सुरू झाले, टाचा सुरू झाल्या. शुक्रवारी आमच्याकडे कुणी बसत नाही. खुर्चीत बसलेली बाई त्या गदारोळात पायात येते, आणि आम्हाला जरा जपून हात उगारावे लागले.